ज्युलिया पास्त्रानाच्या हिरड्या

चार्ल्स डार्विनने १८६८ साली पाळीव प्राणी आणि लागवडीखालच्या वनस्पती यांवर एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात केस आणि दात यांच्या नात्याबद्दल लिहिताना तो एका बाईचं नाव घेतो: ज्युलिया पास्त्राना. स्पॅनिश नर्तकी, दिसायला चांगली, पण पुरुषासारखी दाट दाढी आणि कपाळावर केस. शिवाय वरच्या आणि खालच्या दोन्ही जबड्यांत दातांच्या दोन-दोन ओळी, एकीच्या आत दुसरी. डार्विनने तिला स्वतः पाहिलेलं नव्हतं. ही हकिगत त्याला आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाकडून कळली होती.

यातली दाढी खरी. स्पॅनिश ही गोष्ट खोटी, कारण ती मेक्सिकोची होती. आणि दातांच्या दोन ओळी तर तिला कधीच नव्हत्या.

हे उमगायला शंभराहून जास्त वर्षं गेली. ज्युलिया लंडनला आली होती तेव्हा पर्लंड नावाच्या दंतवैद्याने तिच्या जबड्यांचे साचे घेतले होते. ती माणसं गेली, साचे मात्र लंडनच्या संग्रहालयात टिकून राहिले. ए. ई. डब्ल्यू. माइल्स या दंतशास्त्रज्ञाने त्यांचा नीट अभ्यास करून १९७४ मध्ये लेख लिहिला. दात एकाच ओळीत होते. वाढल्या होत्या त्या हिरड्या. त्या इतक्या जाड होऊन पुढे आल्या होत्या, की वरवर पाहणाऱ्याला ती दातांची दुसरी ओळ वाटली.

ज्युलियाची गोष्ट मला इथून सांगावीशी वाटते. तिला बघायला लोकांनी रांगा लावून तिकिटं काढली, नामवंत डॉक्टरांनी तिला तपासून दाखले लिहून दिले, आणि सगळ्यांची नजर अडकली ती केसांवर. तिला नेमकं काय झालं होतं ते ओळखायची खूण हिरड्यांत होती.

दाखल्यांवर चाललेला खेळ

ज्युलियाचा जन्म १८३४ च्या सुमारास, मेक्सिकोच्या पश्चिमेकडच्या सिनालोआ प्रांतात, तिथल्या मूळ रहिवासी समाजात झाला. उंची साडेचार फुटांच्या आसपास. लहानपणापासून चेहऱ्यावर आणि अंगावर काळे, दाट, लांब केस. सिनालोआच्या गव्हर्नरच्या घरी ती काही वर्षं कामाला होती. १८५४ मध्ये तिने ते घर सोडलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गॉथिक हॉल नावाच्या ठिकाणी तिचा खेळ लागला. जाहिरातीत तिला ‘अजब संकर’ आणि ‘अस्वलबाई’ म्हटलं होतं.

त्या काळी अमेरिकेत आणि युरोपात असे खेळ हा मोठा धंदा होता. ज्याचं शरीर चारचौघांपेक्षा वेगळं, त्याला मंचावर उभं करायचं आणि तिकीट लावायचं. आपल्याकडच्या जत्रांतल्या तंबूंची आठवण ज्यांना आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पण तिकडच्या खेळवाल्यांनी त्यात एका गोष्टीची भर घातली होती, ती म्हणजे डॉक्टरचा दाखला. नुसत्या ओरडण्यावर शहरी, शिकलेला प्रेक्षक विश्वास ठेवत नाही. कागदावर सही असली की ठेवतो.

तेव्हा ज्युलियाला डॉक्टरांपुढे नेण्यात आलं. न्यूयॉर्कचे डॉ. अलेक्झांडर मॉट यांनी लिहून दिलं की ही माणूस आणि ओरांगउटान यांचा संकर आहे. क्लीव्हलंडच्या एका डॉक्टरने तिची जातच वेगळी असल्याचं सांगितलं. बॉस्टनच्या सॅम्युअल नीलंड यांनी मात्र १८५५ मध्ये तिला तपासून ती पूर्णपणे माणूस आहे, असं स्पष्ट नोंदवलं. एकच बाई, आणि निदानं तीन. खेळवाल्याला त्यातलं जे विकायला सोयीचं ते त्याने पुढे केलं.

मॉटचा दाखला त्या काळच्या माहितीवरही टिकणारा नव्हता. ओरांगउटान आग्नेय आशियात, बोर्निओ आणि सुमात्रा बेटांवर राहतो. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत माकडं आहेत, पण वानरं, म्हणजे ओरांगउटान, चिंपँझी, गोरिला, यांतलं एकही तिथे निसर्गतः आढळत नाही. लंडनच्या खेळात विकल्या गेलेल्या पुस्तिकेत तर तिचा मुलूख माकडं, बबून आणि अस्वलांनी भरलेला असल्याचं छापलं होतं. बबून आफ्रिका-अरबस्तानातला. मेक्सिकोच्या डोंगरात तो कुठून येणार? शिवाय ओरांगउटानचा चेहरा जरा बघा. अंगभर तांबूस केस, आणि चेहरा बऱ्यापैकी उघडा. ज्युलियाच्या बाबतीत केस सर्वांत दाट होते ते चेहऱ्यावरच. म्हणजे ज्या प्राण्याशी तिचं नातं जोडलं, त्याच्याशी तिचे केससुद्धा जुळत नव्हते.

आज त्यात आणखी सांगता येतं. माणूस आणि ओरांगउटान यांचे वंश एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. आपल्या पेशींत ४६ गुणसूत्रं असतात, त्याच्या पेशींत ४८.

खेळ चालवणारा माणूस होता थिओडोर लेंट. त्याने ज्युलियाशी लग्न केलं. त्या काळच्या कायद्यात बायकोच्या कमाईवर नवऱ्याचा ताबा असे, त्यामुळे हे लग्न म्हणजे धंद्याचा करारच होता, असं मी म्हणेन. तिला मात्र नवऱ्याबद्दल माया होती, असं तिला भेटलेल्यांनी लिहिलंय. १८५७ मध्ये दोघं लंडनला आले, मग जर्मनी, ऑस्ट्रिया, पुढे रशिया. दिवसा रस्त्यावर मोकळं फिरायची तिला परवानगी नव्हती. फुकट दिसली तर तिकीट कोण काढणार?

मंचावर ती काय करायची? गायची, स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. नाचायची. लंडनमध्ये तिला भेटलेले निसर्ग-अभ्यासक फ्रँक बकलंड यांनी नंतर आठवणीने लिहिलं की तिचा आवाज गोड होता, गाण्या-नाचण्याची तिला उत्तम समज होती, तीन भाषा येत होत्या, आणि आपल्या कमाईतून ती स्थानिक संस्थांना सढळ हाताने देणगी देत असे. ओरांगउटानच्या संकराची जाहिरात वाचून आलेला प्रेक्षक हे सगळं समोर ऐकत-बघत होता, आणि तरीही बाहेर पडताना जाहिरातीवरच विश्वास ठेवत होता.

केस मुळात येतात कसे

आता शरीराकडे वळू, कारण इथे समजून घेण्यासारखं पुष्कळ आहे.

आपल्या अंगावर केस कमी असतात असं आपल्याला वाटतं. खरं तर तळहात, तळपाय, ओठ अशा थोड्या जागा सोडल्या तर अंगभर केसांची मुळं असतात, सुमारे पन्नास लाख. ही मुळं आईच्या पोटातच तयार होतात. जन्मानंतर नवी येत नाहीत. आपल्या त्वचेवर मुळांची दाटी जवळपास चिंपँझीइतकीच असते. फरक त्या मुळातून काय उगवतं यात आहे.

उगवणाऱ्या केसांचे ढोबळ तीन प्रकार. गर्भात असताना बाळाच्या अंगावर येते ती रेशमासारखी गर्भलव. ती बहुधा जन्माआधी किंवा जन्मल्यावर काही आठवड्यांत गळून जाते. दुसरी गालांवर, दंडांवर असते ती बारीक, फिकी लव. तिसरे म्हणजे डोक्यावरचे, भुवयांचे, दाढीचे असतात तसे जाड, रंगीत, पक्के केस. कुठल्या मुळाने यातला कोणता केस उगवायचा आणि किती काळ वाढवत राहायचं, हे पेशींमधल्या सूचनांवर ठरतं. डोक्यावरचा केस काही वर्षं सतत वाढतो म्हणून वेणी घालता येते. भुवईचा केस काही महिन्यांत थांबतो म्हणून भुवईची वेणी होत नाही.

ज्युलियाच्या अंगावर मुळं जास्त नव्हती. तिच्या मुळांना ‘लवेवर थांब’ ही सूचना मिळत नव्हती. जिथे इतरांना फिकी लव येते तिथे तिला पक्के, काळे केस येत आणि लांब वाढत. वैद्यकात याला जन्मजात अतिकेशता म्हणतात. हिचे अनेक प्रकार आहेत. काहींत गर्भलवेसारखे मऊ केसच आयुष्यभर राहतात. ज्युलियाचा प्रकार पक्क्या केसांचा, आणि त्याच्या जोडीला हिरड्यांची वाढ. ही जोडी फार विरळा आहे.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवायला हवी, कारण अनेक घरांत मुलींच्या ओठांवरच्या आणि हनुवटीवरच्या केसांवरून रडारड चालते. डाळीच्या पिठाचं उटणं, थ्रेडिंग, शेजारणींचे सल्ले, सगळं होतं. हनुवटी, वरचा ओठ, छाती अशा ‘पुरुषी’ जागी वयात आल्यानंतर येणारे राठ केस हा बहुतेक वेळा संप्रेरकांचा मामला असतो. पीसीओएस, म्हणजे अंडाशयांशी संबंधित संप्रेरकांचा बिघाड, हे त्याचं नेहमीचं कारण. त्याचा ज्युलियाच्या स्थितीशी काही संबंध नाही. तिची स्थिती जन्मापासूनची, सगळ्या अंगाची, आणि संप्रेरकांवर न अवलंबणारी. पाळी अनियमित असेल आणि असे केस येत असतील तर डॉक्टरकडे जावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

केस आणि हिरड्या यांची गाठ

केस त्वचेवर, हिरड्या तोंडात. दोघांत एकाच वेळी वाढ का व्हावी?

याचा एक अगदी ओळखीचा नमुना दवाखान्यात सापडतो. फिट्स येणाऱ्या रुग्णांना फिनायटॉइन नावाचं औषध देतात. ते दीर्घकाळ घेतल्यावर काहींच्या हिरड्या सुजल्यासारख्या वाढतात आणि काहींच्या चेहऱ्यावर, हातांवर जास्तीचे केस येतात. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधानेही हे दोन्ही होऊ शकतं. एकाच रसायनाने दोन ठिकाणी वाढ व्हावी, याचा अर्थ त्या दोन ठिकाणच्या पेशी काही सूचना सारख्याच पद्धतीने ऐकत असल्या पाहिजेत. ज्युलियाच्या शरीरात हा बिघाड औषधाने न होता जन्मतःच्या सूचनापुस्तकात होता.

ते सूचनापुस्तक म्हणजे आपली गुणसूत्रं. २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एकेकच धरलं तरी सुमारे तीनशे कोटी अक्षरं, म्हणजे डीएनएचे छोटे रासायनिक घटक. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक बाबांकडून. १९९३ मध्ये यान बॉन्डेसन आणि आधी उल्लेख आलेले माइल्स यांनी ज्युलियाबद्दलचे जुने पुरावे एकत्र करून तिच्या स्थितीला आजच्या वैद्यकातलं नाव दिलं: पक्क्या केसांची जन्मजात सर्वांगीण अतिकेशता, हिरड्यांच्या वाढीसह. नाव मिळालं, कारण मिळायचं होतं. २००९ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी तिथल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या कुटुंबांत हीच स्थिती पिढ्यान्‌पिढ्या दिसत होती. बाधित माणसांच्या सतराव्या गुणसूत्राच्या लांब बाजूवर, एका ठरावीक जागी, लाखो अक्षरांचा एक तुकडा गळालेला होता. कुटुंबात आधी कुणालाच ही स्थिती नसलेल्या एका रुग्णात उलट प्रकार होता: त्याच जागेचा तुकडा दुप्पट झालेला.

त्या तुकड्यात काही मोजकी जनुकं आहेत. त्यांतलं एबीसीए५ हे पेशीतल्या स्निग्ध पदार्थांची ने-आण सांभाळणाऱ्या जनुकांच्या कुळातलं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की या जनुकातल्या बिघाडाचा अतिकेशतेशी थेट संबंध आहे. याच गुणसूत्रावर पुढे सॉक्स९ नावाचं जनुक आहे, ते केसांची मुळं घडवण्यात महत्त्वाचं काम करतं. कधी कधी जनुक धड असतं, पण त्याला चालू-बंद करणारं बटण दूर कुठेतरी असतं आणि तेच हरवतं. दिवा चांगला, भिंतीतली तार तुटलेली. अशा विकारांत हेही घडतं.

चीनमधल्या त्या कुटुंबांत ही स्थिती ज्या पद्धतीने पुढे जाते तिला प्रभावी वारसा म्हणतात. जोडीतल्या दोन गुणसूत्रांपैकी एकातच तुकडा गळालेला असला तरी परिणाम दिसतो. बाधित आई किंवा वडील मुलाला त्या दोनपैकी एक गुणसूत्र देतात. कोणतं, ते नाणं उडवल्यासारखं. म्हणून प्रत्येक मुलाच्या वेळी शक्यता निम्मी. आधीच्या मुलाला काय झालं याचा पुढच्या नाण्यावर परिणाम नाही. आईवडील दोघेही बाधित नसतानाही असा बदल नव्याने घडू शकतो. तो कुणाच्या पापाने किंवा ग्रहणात बाहेर पडल्याने होत नाही. पेशी विभागताना अक्षरांची नक्कल उतरवली जाते आणि त्यात चुका होतात, एवढंच.

डार्विनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, गुणसूत्रंसुद्धा नाही. पण केस आणि दात यांची गाठ आहे, हा त्याचा अंदाज भलताच अचूक होता. त्याच ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाचा दाखला आहे. (सिंध तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात मोडत होता.) त्या कुटुंबात चार पिढ्यांत दहा पुरुषांना मोजकेच दात होते, अंगावर केस जवळजवळ नव्हते, आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून त्यांचे हाल होत. केस, दात आणि घामाच्या ग्रंथी गर्भाच्या बाहेरच्या थरातून घडतात, म्हणून त्या थराच्या सूचनेत चूक झाली की तिन्हींना फटका बसतो. सिंधच्या कुटुंबाच्या बाबतीत डार्विनचं निरीक्षण आजही उभं आहे. ज्युलियाच्या बाबतीत फसलं, कारण तिचे दात मोजायचे कष्ट कुणी घेतले नव्हते.

मॉस्कोनंतर

मार्च १८६० मध्ये, मॉस्कोत, ज्युलियाला मुलगा झाला. त्याच्याही अंगावर केस होते. नाणं त्याच बाजूला पडलं होतं. बाळ जेमतेम ३५ तास जगलं. पाच दिवसांनी ज्युलियाही गेली, बाळंतपणानंतरच्या जंतुसंसर्गाने. तो आजार तेव्हा युरोपात असंख्य बायकांचा जीव घेत होता. व्हिएन्नाच्या सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावून तो कमी करता येतो हे १८४७ मध्येच दाखवलं होतं, पण फार थोड्यांनी ऐकलं. ज्युलिया तिच्या दुर्मीळ जनुकामुळे मेली नाही. ती त्या काळच्या हजारो बाळंतिणींसारखी मेली.

लेंटने दोन्ही मृतदेह मॉस्को विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला विकले. त्याने ते मसाला भरून टिकवले. काम इतकं चांगलं झालं, की लेंटला आपण सौदा स्वस्तात केला असं वाटलं. त्याने लग्नाचा दाखला पुढे करून देह परत मिळवले. जिवंतपणी तिच्या कमाईवर हक्क देणारा कागद मेल्यावर तिच्या देहावरही चालला. १८६२ मध्ये लंडनमध्ये ती पुन्हा मंचावर उभी होती, नाचाच्या पोशाखात, शेजारी बाळ. तिकीट लावलेलं. पुढे लेंटने दाढी असलेल्या दुसऱ्या एका स्त्रीशी लग्न केलं आणि तिला ज्युलियाची बहीण म्हणून फिरवलं.

ते देह शंभरहून अधिक वर्षं हातोहात फिरले. १९२१ मध्ये नॉर्वेतल्या एका खेळवाल्याने ते विकत घेतले आणि १९७० च्या दशकापर्यंत ते जत्रांमधून दाखवले जात होते. लोकांचा विरोध वाढला तेव्हा ते गोदामात गेले. १९७६ मध्ये तिथे घुसलेल्यांनी नासधूस केली आणि बाळाचं जे उरलं ते उंदरांनी खाल्लं. १९७९ मध्ये ज्युलियाचा देह चोरीला गेला, सापडला, आणि ऑस्लोच्या न्यायवैद्यक संस्थेत जाऊन पडला. तो कुणाचा हे १९९० मध्ये लक्षात आलं. पुढे तिला पुरावं अशी शिफारस झाली, तेव्हा संशोधनाला उपयोगी पडेल म्हणून देह राखून ठेवायचं ठरलं.

या युक्तिवादाचा मला राग येतो, आणि तो विज्ञानावरच्या प्रेमापोटी येतो. सतराव्या गुणसूत्रावरचा तो तुकडा शोधला गेला चीनमधल्या हयात कुटुंबांच्या रक्ताच्या नमुन्यांवरून. कपाटातल्या ज्युलियाची त्यासाठी गरज पडली नाही. दातांबद्दलची चूक सुधारली ती साच्यांवरून. तिच्या देहाने जे सांगायचं होतं ते ती जिवंत असताना, तीन भाषांत बोलत असताना विचारता आलं असतं.

मेक्सिकोच्या चित्रकार लॉरा अँडरसन बार्बाता यांना २००३ पासून ज्युलियाच्या गोष्टीने धरून ठेवलं होतं. २००५ मध्ये त्या ऑस्लोला गेल्या आणि तिथून त्यांनी पत्रं, अर्ज, भेटी असा पाठपुरावा सुरू केला. सिनालोआचे गव्हर्नर सोबत आले. २०१२ मध्ये नॉर्वेतल्या मानवी अवशेषांच्या संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने तिला परत पाठवायला अनुकूल मत दिलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑस्लोत तिचा देह मेक्सिकोच्या हवाली झाला आणि १२ फेब्रुवारीला सिनालोआ दे लेइवा या गावात तिचं दफन झालं. शवपेटी पांढरी होती आणि तिच्यावर पांढरी फुलं होती. पेटी बंद होती, त्यामुळे गर्दी करून आलेल्या गावकऱ्यांपैकी कुणालाही ती दिसली नाही. बाळ सोबत नव्हतं.